गिटारचा पडदा आणि खेळाचा पडदा



गावातल्या भजनात पखवाजापाशी एक पोरगा नेहमी बसलेला असतो. तो वाजवीत नाही. नुसता मांडीवर बोटे आपटीत असतो. बुवा त्याला काही शिकवतात असे वरवर दिसत नाही. मग एखाद्या एकादशीला पखवाज्या येत नाही, बुवा मान वळवतात आणि म्हणतात, "बस रे इकडे." पोरगा बसतो आणि वाजवतो. तो केव्हा शिकला, कसा शिकला, हे त्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे वाद्य शिकण्याची ही जुनी वाट. या वाटेला माणूस लागतो, सहवास लागतो आणि पुष्कळ वेळ लागतो.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते याच्या अगदी उलट टोकाच्या वाटेविषयी. शिकवणारा माणूस नाही. समोर संगणकाचा पडदा आहे, हातात खरी गिटार आहे, आणि जे चालले आहे त्याला म्हणतात खेळ. व्हिडिओ गेम! ज्याच्यापायी आपण मुलांच्या हातून मोबाइल हिसकावून घेतो, त्याच जातीतला. अशा खेळाने वाद्य शिकता येते का? येत असेल तर किती येते, आणि कुठे अडते? प्रश्न गिटारचा दिसतो खरा, पण तो शिकवणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनी थोडे अधिक लक्ष द्यावे, अशी विनंती.

आधी या खेळाची कुळकथा सांगतो. 1995 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकलेल्या दोघांनी, अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन इगोझी यांनी, हार्मोनिक्स नावाची कंपनी काढली. ज्याला वाद्य येत नाही त्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, ही त्यांची धडपड. दहा वर्षांनी, 2005 साली, त्यांनी बनवलेला 'गिटार हिरो' हा खेळ बाजारात आला आणि घरोघर गाजला. त्यातली गिटार प्लॅस्टिकची. तिला तार एकही नाही. दांडीवर पाच बटणे: हिरवे, तांबडे, पिवळे, निळे आणि नारिंगी. उजव्या हाताशी तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावर रंगीत ठिपके वाहत खाली यायचे. ज्या रंगाचा ठिपका रेषेवर आला त्या रंगाचे बटण दाबायचे आणि त्याच क्षणी पट्टी हलवायची. चुकलात तर गाण्यातली गिटार मुकी व्हायची.

आता तुम्ही म्हणाल, बटणे दाबून गिटार कशी येईल? बरोबर आहे. ती येत नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1901 सालीच प्रयोग करून सांगून ठेवले आहे की, एक गोष्ट शिकल्याने दुसरी तेवढीच सुधारते, जेवढे दोहोंत समान असेल. पाटावर बसून हातपाय मारल्याने विहिरीत पोहता येत नाही, हे आपल्याला त्यांच्याआधीही ठाऊक होतेच म्हणा! बटणांच्या गिटारीत आणि खऱ्या गिटारीत समान काय? लय समान, आणि डाव्या-उजव्या हाताची एकाच क्षणी पडणारी सांगड समान. बाकी तारेचा ताण नाही, सूर नाही, बोटाला घट्टा नाही.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे कळत होते. 2010 साली आलेल्या 'रॉक बँड 3' या खेळासाठी एक गिटार निघाली. तिच्या दांडीवर 102 बटणे होती: सहा तारांच्या प्रत्येक तारेला सतरा. म्हणजे बटणेच, पण खऱ्या जागी. पुढे 2011 सालच्या फेब्रुवारीत 'गिटार हिरो'च्या प्रकाशकांनी त्या खेळाचा विभाग बंद करीत असल्याचे जाहीर केले. लोकांना प्लॅस्टिकच्या गिटारीचा कंटाळा आला होता. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युबिसॉफ्ट या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेने 'रॉकस्मिथ' नावाचा खेळ आणला. त्याचे म्हणणे साधे होते: खोटी गिटार ठेवा बाजूला, खरी आणा.

हे कसे साधते ते समजून घेण्यासारखे आहे. विजेच्या गिटारीत पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यात तशीच थरथरणारी अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. एका केबलीतून ती संगणकात जाते आणि तिथे तिचे आकडे होतात. तार सेकंदाला किती वेळा थरथरली ते यंत्र मोजते, आणि त्यावरून सूर ओळखते. गिटारच्या सहा तारा आपल्या पेटीच्या भाषेत सांगायच्या, तर जाड तारेकडून बारीक तारेकडे: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा वरची पांढरी तीन. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा थरथरते, सर्वांत बारीक सुमारे 330 वेळा. दांडीवर आडव्या पट्ट्या असतात. सतारीप्रमाणे त्यांना आपण पडदे म्हणू. बोट एक पडदा पुढे सरकले की सूर पेटीवरच्या एका पट्टीने चढतो. बाराव्या पडद्यावर तार निम्मी होते आणि सूर बरोबर सप्तकभर वर जातो.

इथे एक मौजेची अडचण आहे. जाड तारेची एक थरथर पुरी व्हायला सेकंदाचा सुमारे ब्याऐंशीवा भाग लागतो. एकदोन थरथरी पुऱ्या झाल्याशिवाय यंत्राला सूर ओळखता येत नाही. त्यात दूरचित्रवाणी संच जोडलेला असला, तर तोही चित्र आणि आवाज आपल्या परीने सजवण्यात वेळ घालवतो. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडा आपटतो तो आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तसे काहीसे होते. बोट आधी पडते, सूर मागून येतो. म्हणून असल्या खेळात आरंभी संचाचा हा उशीर मोजून जुळवून घ्यावा लागतो. लयीच्या कामात एवढीशी फटही चालत नाही.

आता यंत्राची शिकवणी. पडद्यावर सहा तारा सहा रंगांत दिसतात. जाड तार तांबडी, मग पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी आणि जांभळी. दुरून रंगीत चौकटी येतात. कोणती तार, कितवा पडदा, ते त्यांवरून कळते. यात खरे मर्म पुढेच आहे. पहिल्या दिवशी गाणे पूर्ण वाजते, पण तुमच्या वाट्याला त्यातले मोजकेच सूर येतात. चार मात्रांत एक, असे समजा. ते नीट वाजले की त्याच गाण्यात आणखी दोन सूर येतात. चुका झाल्या की मुकाट्याने कमी होतात. कुणी रागावत नाही. पुढे सगळे सूर हाताखाली आले की पडद्यावरच्या चौकटी हळूहळू पुसट होत नाहीशा होतात, आणि मग आठवून वाजवायचे.

ही कल्पना आजची नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर 1953 साली आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. सर्व मुलांना एकाच चालीने चालावे लागत होते. आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलाला लगेच कळत नव्हते. त्यांनी शिकवणारे एक यंत्र तयार केले: छोटा प्रश्न, लगेच निकाल, मग पुढचा प्रश्न. 1954 साली त्यावर निबंधही लिहिला. गिटारचा हा खेळ म्हणजे त्या यंत्राचा नातूच समजा. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या आपल्या शिक्षकाला या दोन गोष्टी ठाऊक नसतात असे नाही. त्याला त्या जमवता येत नाहीत, हे त्याचे दुःख.

श्रोतेहो, इथवर मी पुस्तकातले सांगितले. आता थोडे स्वतःचे सांगतो, कारण त्यावाचून पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही.

मी सहावीत असताना शाळेत पाहुणे यायचे होते आणि स्वागतगीत बसवले जात होते. शिकवणाऱ्या गुरुजींनी मला रांगेतून बाहेर घेतले नाही, हळूच जवळ येऊन म्हणाले, "तुला सूर नाही. तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." ते वाईट माणूस नव्हते. घाईत होते. मी ओठ हलवले. पुढे तीस वर्षे मी ओठच हलवीत राहिलो. आरतीतसुद्धा. एकेचाळिसाव्या वर्षी घरात मुलासाठी आणलेली गिटार आणि हा खेळ पडून राहिला होता. मुलाचे मन दुसरीकडे गेले होते. एका रात्री सगळे निजल्यावर मी ती केबल जोडली. माणसापुढे सूर काढायची हिंमत नव्हती, यंत्रापुढे झाली.

पहिले पंधरा दिवस बोटांची आग झाली. पोलादी तार बोटाच्या टोकात रुतते. पुढे तिथे घट्टा पडतो आणि मग दुखत नाही. उजव्या हातात नखी धरायची तर ती निसटायची. पण यंत्र काही बोलले नाही. हा सूर गेला, पुन्हा. तोही गेला, आणखी सावकाश. अवघड तुकडा पाहिजे तेवढा संथ करून कितीही वेळा वाजवता येतो. एक तुकडा मी एका रात्री चाळीसदा तरी वाजवला असेल. इतक्या वेळा तीच चूक ऐकून न कंटाळणारा गुरू मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. दोन महिन्यांत तीन गाणी पडद्यावर जवळजवळ निर्दोष वाजू लागली. मला सूर आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

आणि एका संध्याकाळी वीज गेली.

संगणक बंद पडला, पडदा काळा झाला. विजेची गिटार वीज नसली तरी अगदीच मुकी होत नाही. तारा बारीक आवाजात वाजतात. आई पडवीत बसली होती. तिने आतून येणारे ऐकले होते. ती म्हणाली, "अरे, थांबलास का?"

"वीज गेली, आई."

"दिवे गेलेत. तारा आहेत ना?"

मी वाजवायला गेलो. बोट कुठे ठेवायचे ते आठवेना. चाळीसदा वाजवलेला तुकडा, त्याचा पहिला सूर कोणता हेसुद्धा सांगता येईना. गुणगुणून पाहिले, तर गुणगुणताही येईना. दोन महिने जे मी ऐकतो आहे असे समजत होतो, ते मी ऐकलेच नव्हते. मी चौकटी पाहिल्या होत्या आणि त्यांच्या हुकमाने बोटे टाकली होती.

आई जात्यावर दळताना आजीच्या तोंडून ओव्या शिकलेली. अंधारातच म्हणाली, "आम्हाला कुठं कोण काय दाखवीत होतं? पहाटेचा अंधारच असायचा."

नंतर मी याचा शोध घेतला तेव्हा कळले की, हे माझ्या एकट्याचे दुखणे नाही. 1984 साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघा संशोधकांनी शरीराने शिकण्याच्या कौशल्यांवरचे प्रयोग तपासून एक गोष्ट मांडली. शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी, लगेच, चूक-बरोबर सांगत राहिले तर तो शिकतेवेळी फार छान करतो. पण सांगणारा बाजूला झाला की ढासळतो. कारण सांगणाऱ्याचा टेकू हाच त्याच्या कौशल्याचा भाग होऊन बसतो. स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची त्याला गरजच पडलेली नसते. स्किनर यांनी सांगितलेले औषध खोटे नव्हे; पण त्यालाही मात्रा आहे.

आता यात खेळाचा दोष किती? निम्माच म्हणेन. चौकटी नाहीशा होण्याची सोय त्यात होती, हे मी सांगितलेच. पण तिथवर पोचायच्या आधीच नवे गाणे घ्यावे, नवे गुण मिळवावेत, हा मोह मला आवरला नाही. खेळ गुण मोजतो आणि माणूस गुणांमागे धावतो. परीक्षेच्या बाबतीत आपण मुलांना नेमके हेच शिकवले आहे, नाही का?

मग मी रीत बदलली. ती सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. गाण्याचा तुकडा आधी नुसता ऐकायचा, हातात गिटार न घेता. मग तो तोंडाने म्हणायचा. वाईट का होईना, पण आवाज काढून. मग पडद्यावर पाहून संथ लयीत पाचसात वेळा वाजवायचा. आणि मग पडद्याकडे पाठ करून. पाठ केल्यावर पहिल्यांदा निम्मे सूर गळतात. गळू द्यावेत. जे गळले तेवढ्यापुरतेच वळून पाहावे. अशा रीतीने एक गाणे बसायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागला. पण जे बसले ते वीज गेल्यावरही राहिले.

आणखी एका ठिकाणी मात्र रीत बदलूनही भागले नाही. माझे मनगट दुखू लागले. यंत्राला सूर कळतो, वेळ कळते. मनगट कळत नाही. अंगठा दांडीच्या वरून आला की मागून, खांदा आखडला की मोकळा आहे, तार स्वच्छ वाजते की घासते, यातले त्याला दिसत नाही. ज्या केबलीतून तुम्ही त्याच्याशी जोडलेले असता तिच्यातून तारेची थरथर तेवढी जाते. आमच्याच महाविद्यालयातून गेलेला एक विद्यार्थी लग्नसमारंभाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवतो. त्याला एकदा घरी बोलावले. त्याने माझा हात क्षणभर पाहिला आणि संकोचाने म्हणाला, "सर, अंगठा थोडा मागं घ्या. मनगट मोकळं सोडा. तार दाबायला एवढं बळ लागतच नाही." दोन मिनिटांचे काम. जे यंत्राने आठ महिन्यांत सांगितले नव्हते ते त्याने एका नजरेत सांगितले. आणि एरवी वर्गात मी त्याला सांगायचो. आता तो मला सांगत होता, याचेही मला बरे वाटले.

तेव्हा सारांश काय? मी तुम्हाला हा खेळ विकत घ्या असे सांगायला आलेलो नाही. संगणक, विजेची गिटार, केबल आणि खेळ हा एकूण खर्च लहान नाही. 2022 साली तर 'रॉकस्मिथ प्लस' या नावाने तो वर्गणी भरून घेण्याचा झाला. ज्यांच्या गावात पेटी शिकवणारा कुणी आहे, तबला शिकवणारा कुणी आहे, त्यांनी त्याच्याकडे जावे. पण या खेळापासून शिक्षकांनी घ्यावे असे बरेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

मुलाला पचेल तेवढेच द्यावे, पण जे द्यावे ते पूर्ण गाण्याच्या आत द्यावे. पहिल्या दिवशी सारेगम घोटून मग वर्षाने गाणे, असे नव्हे. पहिल्या दिवशीच गाणे, आणि त्यातला त्याचा एक सूर. चुकले की लगेच सांगावे, पण चुकले तेवढेच सांगावे. आणि वेळेवर आधार काढून घ्यावा. तुम्ही गावात स्लॅब पडताना पाहिला असेल. खाली सेंट्रिंगच्या बल्ल्यांचे जंगल असते. त्या लवकर काढल्या तर स्लॅब कोसळतो. पण भीतीपोटी कधीच काढल्या नाहीत तर त्या खोलीत राहायचे कुणी? केव्हा काढायच्या हे मिस्त्रीला कळावे लागते. फळ्यावरचे उत्तर केव्हा पुसायचे, हे शिक्षकाला तसेच कळावे लागते. बुवा एकादशीला मान वळवून "बस रे इकडे" म्हणतात, तेव्हा ते हेच करीत असतात.

शेवटी एक सांगतो आणि संपवतो. त्या यंत्राने मला बरेच काही शिकवले नाही, पण एक वाक्य ते कधी बोलले नाही. "हा सूर गेला," एवढे ते म्हणायचे. "तुला सूर नाही" असे ते कधीच म्हणाले नाही. ते शहाणे होते म्हणून नव्हे. तसे म्हणण्याची त्यात सोयच नव्हती. आपल्याकडे ती सोय आहे. घाईच्या वेळी, पाहुणे यायचे असताना, ती आपण वापरतो. एका सुराबद्दल बोलायचे ते आपण एका मुलाबद्दल बोलून जातो, आणि ते मूल पुढे तीस वर्षे ओठ हलवीत राहते.

यंदाच्या गणपतीत मी आरती म्हटली, आवाज काढून. सूर दोनचार ठिकाणी गेला. आईने टाळ्या थांबवल्या नाहीत.